आधी पाऊस, मग एल निनो: जिल्ह्याच्या मान्सूनचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा

दरवर्षी उन्हाळा लागला की पदव्युत्तर प्रकल्पांचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. त्यांतले निम्मे तरी एकाच वाक्याने सुरू होतात: एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, आमच्या जिल्ह्यात पाऊस घटतो. पुढची चाळीस पाने त्या वाक्याला साजेसे आकडे गोळा करण्यात जातात. पावसाची नोंद तपासलेली नसते, एल निनोचे वर्ष कुठले धरायचे यात घोळ असतो आणि शेवटी उणे ०.३ चा सहसंबंध (दोन मालिका किती बरोबरीने हलतात याचे उणे १ ते अधिक १ मधले माप) ठळक अक्षरांत छापलेला असतो.

चुका बहुतेक ठरलेल्या आहेत आणि त्या गणितापेक्षा क्रमात जास्त होतात. म्हणून खाली क्रम दिला आहे. स्प्रेडशीट येत असेल तर बहुतेक काम त्यावरच होते, ग्रिडच्या, म्हणजे नकाशावरच्या चौकटीनिहाय पावसाच्या, फाईली उघडायला थोडे पायथन लागेल. घाई नसेल तर पंधरा दिवस पुरतात. त्यांतले दहा दिवस पहिल्या चार टप्प्यांना द्या.

१. प्रश्न आधी कागदावर

संगणक उघडण्यापूर्वी एक ओळ लिहायची: कुठला प्रदेश, कुठले महिने, पावसाचे कुठले माप, समुद्राचा कुठला निर्देशांक, कुठली वर्षे. उदाहरणार्थ: बीड जिल्हा; जून ते सप्टेंबर; एकूण पाऊस; त्याच जून ते सप्टेंबरचा निनो ३.४ (प्रशांत महासागराच्या तापमानाचा निर्देशांक, टप्पा पाच बघा); १९७१ ते २०२०. खाली तारीख टाका.

तारीख का, ते सांगतो. सगळा पाऊस जुळला नाही की माणूस फक्त ऑगस्ट घेऊन बघतो, तोही जुळला नाही की १९८० पासून सुरुवात करतो, आणि पाचव्या प्रयत्नात काहीतरी जुळतेच. त्या पाचव्या प्रयत्नाला आपण निष्कर्ष म्हणतो. तारखेची ओळ समोर असली की निदान आधीचे चार प्रयत्न लपवता येत नाहीत.

प्रदेश निवडताना प्रशासकीय सीमेवर आंधळा विश्वास नको. सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यातले दहिवडी जेमतेम पाचशेच्या आसपास. दोघांची सरासरी काढली तर ती कोणाचीच नसते, आणि तिच्यातले सगळे चढउतार महाबळेश्वरचे असतात. अशा जिल्ह्याचे घाटमाथा आणि पर्जन्यछाया असे दोन भाग करूनच पुढे जा. पुणे, कोल्हापूर, नाशिक यांनाही हेच लागू.

महिन्यांचेही तसेच. मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस रब्बीची ओल आणि धरणातला साठा ठरवतो. तिथे हंगामाची एकच बेरीज घेऊन थांबलात तर अर्धी गोष्ट हातची गेली.

पडताळा: तुमची ओळ दुसऱ्या कोणाला वाचायला द्या. त्याने एकही प्रश्न न विचारता काम सुरू करता येईल असे म्हटले, तरच पुढचा टप्पा.

२. नोंदी कुठून घ्यायच्या

लांब काळासाठी भारतीय हवामान विभागाचा पुण्याहून मिळणारा ग्रिडचा दैनिक पाऊस सोयीचा. तो १९०१ पासूनचा आहे आणि चौकटीची बाजू पाव अंशाची, म्हणजे आपल्या अक्षांशावर सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. एक तालुका एक-दोन चौकटींत बसतो. संपूर्ण भारताचा मासिक पाऊस आणखी मागून हवा असेल तर पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची १८७१ पासूनची मालिका आहे.

अलीकडच्या वर्षांसाठी कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर तालुका आणि महसूल मंडळनिहाय आकडे मिळतात. मंडळाच्या पातळीवर काल काय झाले हे बघायला ते उत्तम. पण मंडळांतली स्वयंचलित केंद्रे अलीकडे बसवलेली आहेत, त्यामुळे त्यांच्या जोरावर एल निनोबद्दल काही बोलू नका. दहा वर्षांत एल निनो दोन-तीनदा येतो, आणि दोन-तीन वर्षांवर बोलायचे असेल तर अभ्यास कशाला हवा, पारावरच्या गप्पा पुरेत.

सावध: जुनी मालिका ग्रिडची आणि शेवटची काही वर्षे मंडळांची, अशी जोड कधीही लावू नका. जोडाच्या जागी पाऊस वाढलेला किंवा घटलेला दिसतो आणि तो केवळ माप बदलल्याचा परिणाम असतो.

ग्रिडबद्दल आणखी एक. त्या चौकटीत प्रत्यक्ष पर्जन्यमापक असेलच असे नाही. सुमारे सात हजार केंद्रांच्या नोंदींवरून आजूबाजूच्या अंतराप्रमाणे ते आकडे बसवलेले आहेत, आणि ती सगळी केंद्रे सगळ्या वर्षांत चालू नव्हती. हंगामाच्या बेरजेला याचा फारसा त्रास होत नाही. मात्र एका दिवसाच्या अतिवृष्टीचा कल काढताना होतो: मापके कमी असतील तेव्हा एखादी जोरदार सर सगळ्यांच्या मधून निसटते, किंवा उलट एकाच मापकाची सर भोवतालच्या चार चौकटींवर पसरते.

फाईल उतरवल्यावर लगेच तिचा आकार बघा. एका वर्षाच्या बायनरी फाईलमध्ये १२९ ओळी, १३५ स्तंभ आणि ३६५ दिवस असतात, प्रत्येक आकड्याला चार बाइट. म्हणजे साध्या वर्षाची फाईल २,५४,२५,९०० बाइटची आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटची. आकडा जुळला नाही तर फाईल अर्धवट उतरली आहे. हा दोन मिनिटांचा पडताळा न केल्यामुळे एकाचे १९८३ साल सप्टेंबरच्या मध्यावर संपलेले मी पाहिले आहे.

३. नोंदी साफ करणे

इथे कंटाळा येतो. इथेच सगळे ठरते.

पहिली गोष्ट, कोरी जागा आणि शून्य. कोरी जागा म्हणजे नोंद नाही; शून्य म्हणजे मोजले आणि पाऊस नव्हता. ग्रिडमध्ये नसलेली नोंद उणे ९९९ अशी लिहिलेली असते आणि कोकण किनाऱ्यावरच्या समुद्राकडच्या चौकटींत ती सर्रास दिसते. बेरीज करण्यापूर्वी ती काढली नाही तर रत्नागिरीचा जुलै उणे येतो. तसे झाले तर उलट बरे, चूक चटकन दिसते. खरा धोका कोऱ्या जागेचा. मी सुरुवातीच्या काळात एका तालुक्याच्या हस्तलिखित नोंदी टंकित केल्या होत्या. एका वर्षाचा जुलै पूर्ण कोरा होता, स्प्रेडशीटने तो बेरजेत शून्य धरला आणि मी त्या वर्षाच्या ‘भीषण दुष्काळा’वर दीड पान लिहिले. शेजारच्या तीनही तालुक्यांत त्या जुलैत बऱ्यापैकी पाऊस होता. ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट, तारीख. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. मुंबईचा २६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्यांना पाठ आहे: सांताक्रूझ, ९४४ मिलिमीटर. पण दैनिक नोंदीत तो २७ जुलैच्या रकान्यात सापडतो, कारण मोजणी २७ च्या सकाळी साडेआठला झाली. २६ चा रकाना बघून ‘ग्रिड चुकीचे आहे’ असे लिहिणारे भेटतात. उपग्रहाचा पाऊस जागतिक वेळेने, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून दिवस मोजतो. दोन्ही शेजारी ठेवण्यापूर्वी हे तीन तास आणि तारखेची सरक दोन्ही लक्षात घ्या. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस होता, हेही ध्यानात असू द्या. एका केंद्रावरून शहराचा पाऊस ठरवणाऱ्याला तेवढे उदाहरण पुरे.

तिसरी, स्प्रेडशीटची खोडी. ०५-०७ ही ५ जुलै की ७ मे? संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर महिन्याच्या पहिल्या बारा तारखा उलट्या वाचल्या जातात आणि जुलैचा पाऊस थोडा थोडा वर्षभर पसरतो. जानेवारीत अचानक भरपूर पाऊस दिसू लागला तर आधी हे तपासा. दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे स्तंभ ठेवले की प्रश्नच मिटतो.

चौथी, बदललेली जागा. मापक कचेरीच्या आवारातून छपरावर गेला, शेजारी झाड वाढले, नवे बांधकाम आले. हे कागदावर क्वचितच लिहिलेले असते. ते शोधायला तुमच्या केंद्राची वर्षागणिक वाढत जाणारी बेरीज एका अक्षावर आणि शेजारच्या तीन-चार केंद्रांच्या सरासरीची तशीच बेरीज दुसऱ्या अक्षावर मांडा. रेषा सरळ गेली तर ठीक. एखाद्या वर्षी कोपर करून वळली आणि पुढे तशीच राहिली, तर त्या वर्षी पाऊस बदललेला नाही, मापक बदलला आहे.

पडताळा: नियम आधीच ठरवा. माझा असा: महिन्यात तीनपेक्षा जास्त दिवस नोंद नसेल तर महिना बाद, चारपैकी एक महिना बाद झाला तर हंगाम बाद. तुमचा वेगळा असू शकतो. निकाल बघून मात्र तो बदलायचा नाही.

४. दिवसांचा हंगाम करणे

आता बेरीज. जून ते सप्टेंबर, १२२ दिवस. त्यावरून तीन मापे काढा: एकूण पाऊस, पावसाचे दिवस आणि सर्वांत लांब खंड, म्हणजे सलग कोरडे दिवस. हवामान विभागाच्या व्याख्येत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस.

एकूण पावसाची तुलना दीर्घकालीन सरासरीशी होते आणि इथे दोन खड्डे आहेत.

एक म्हणजे सरासरीच बदलत असते. संपूर्ण भारतासाठी १९६१ ते २०१० ची सरासरी ८८०.६ मिलिमीटर होती. आता १९७१ ते २०२० ची ८६८.६ वापरतात. समजा एखाद्या हंगामात ८४० मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या सरासरीने तो ९५.४ टक्के, नव्या सरासरीने ९६.७ टक्के. सामान्य पाऊस ९६ पासून सुरू होतो, म्हणजे ढगांनी काही न करता वर्गच बदलला. वर्तमानपत्रांच्या कात्रणांतले टक्के जमवून मालिका केलीत तर ती अशीच दोन-तीन मापांनी मोजलेली असेल. मिलिमीटर घ्या आणि टक्के स्वतः एकाच आधारकाळाने काढा.

दुसरा खड्डा जास्त खोल. देशाची आणि जिल्ह्याची पट्टी वेगळी आहे. जिल्ह्यासाठी सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सामान्य, उणे २० ते उणे ५९ म्हणजे तूट. देशासाठी मात्र ९० टक्क्यांच्या खाली गेले की तुटीचे वर्ष. २००२ साली देशाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी होता आणि ते गंभीर दुष्काळाचे वर्ष ठरले. हेच उणे १९ एखाद्या जिल्ह्यापुढे आले तर तक्त्यात ‘सामान्य’ छापले जाते. दोन्ही बरोबर आहेत, कारण प्रदेश जितका मोठा तितके चढउतार एकमेकांना कापतात. चूक तेव्हा होते, जेव्हा एकाची पट्टी दुसऱ्याला लावली जाते.

म्हणून जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करायची तर टक्के सोडा आणि प्रमाणित विचलन घ्या: त्या वर्षीचा पाऊस वजा सरासरी, भागिले प्रमाण विचलन (वर्षावर्षाचे आकडे सरासरीभोवती किती विखुरतात त्याचे माप). कोकणात हंगामाला साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, मराठवाड्यात साडेसहाशेच्या आसपास. कोकणातली वीस टक्के तूट आणि मराठवाड्यातली वीस टक्के तूट या एकाच दुर्मिळतेच्या घटना नाहीत. मराठवाड्यात ती तुलनेने वरचेवर येते.

आणि महिन्यांचे स्तंभ हंगामाच्या शेजारी ठेवाच. २०२३ चा हंगाम देशभराच्या हिशेबात ९४ टक्के. ऐकायला फार वाईट नाही. महिने उघडले तर जून ९१, जुलै ११३, ऑगस्ट ६४, सप्टेंबर ११३. १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या ९४ च्या पोटात दडलेला आहे. उभ्या सोयाबीनला विचारले तर तिने हंगामाची बेरीज सांगितली नसती.

खंड मोजताना व्याख्येची गंमत लक्षात ठेवा. २.५ च्या नियमाने सलग वीस कोरड्या दिवसांच्या मधे एक तीन मिलिमीटरची भुरभुर आली की खंड तुटतो आणि कागदावर दहा-दहाचे दोन होतात. जमिनीला त्या भुरभुरीचा पत्ताही लागत नाही. मी दोन्ही प्रकारे मोजतो: एकदा नियमाप्रमाणे, एकदा पाच मिलिमीटरची मर्यादा धरून. उत्तरे फार वेगळी आली तर तसे लिहितो. पीक विम्याच्या चर्चेत २१ दिवसांच्या खंडावर वाद झाले ते याच जागी.

५. समुद्राचा निर्देशांक: वर्षाचा घोळ इथे सोडवा

इतके झाल्यावरच प्रशांत महासागराकडे वळायचे. निनो ३.४ म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंश, १७० ते १२० पश्चिम रेखांश, एवढ्या पट्ट्यातले पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरीपेक्षा किती वेगळे आहे ते. तीन महिन्यांची फिरती सरासरी घेऊन तिला अधिक ०.५ किंवा उणे ०.५ ची मर्यादा लावली आणि ती सलग पाच वेळा ओलांडली गेली, की अनुक्रमे एल निनो किंवा ला निना (पाणी नेहमीपेक्षा थंड) म्हणतात.

मी तपासलेल्या कामांतली सर्वांत महाग चूक इथली आहे. एल निनो सहसा पावसाळ्यात वाढू लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शिखरावर असतो. त्यामुळे त्याला नाव दोन वर्षांचे मिळते: २००९-१०. डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीचा रकाना तक्त्यात २०१० च्या ओळीत असतो. विद्यार्थी त्या ओळीतला मोठा आकडा उचलतो आणि २०१० च्या पावसाशी लावतो. पण तोवर एल निनो ओसरून ला निना आलेला होता.

हाताने करून बघा. तीन एल निनो घ्या: २००२-०३, २००९-१० आणि २०१५-१६. वाढत्या एल निनोचे पावसाळे २००२, २००९, २०१५. देशाचा पाऊस सरासरीच्या ८१, ७८ आणि ८६ टक्के. या तिन्हींची सरासरी ८२. आता चुकीची वर्षे घ्या: २००३, २०१०, २०१६. पाऊस १०२, १०२ आणि ९७, सरासरी १००. एका ओळीची सरक आणि परिणाम पुसला गेला. ‘आमच्याकडे एल निनोचा परिणाम होत नाही’ असे सांगणाऱ्या मसुद्यात मी आधी हीच ओळ बघतो.

उपाय सोपा आहे. नावाचा तक्ता घेऊच नका. निनो ३.४ चे मासिक आकडे उतरवा आणि ज्या वर्षाचा पाऊस, त्याच वर्षाच्या जून ते सप्टेंबरची सरासरी काढा.

हिंदी महासागराच्या द्विध्रुवासाठी, म्हणजे त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातल्या फरकासाठीही तसेच. पश्चिमेची चौकट ५० ते ७० पूर्व रेखांश, दक्षिण १० ते उत्तर १० अक्षांश. पूर्वेची ९० ते ११० पूर्व रेखांश, दक्षिण १० ते विषुववृत्त. पश्चिमेच्या विचलनातून पूर्वेचे वजा केले की निर्देशांक. त्याला साधारण अधिक-उणे ०.४ ची मर्यादा लावतात. तापमानाचे संच वेगवेगळे आहेत आणि जुन्या दशकांत त्यांचे आकडे एकमेकांशी चांगलेच फटकून असतात, तेव्हा एकच संच शेवटपर्यंत ठेवा.

सावध: एल निनोचा अधिकृत तक्ता दर पाच वर्षांनी नव्या आधारकाळाने सुधारला जातो आणि मागचे आकडेही थोडे हलतात. फाईलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला.

६. आकड्याआधी चित्र

आडव्या अक्षावर निनो ३.४, उभ्यावर पावसाचे प्रमाणित विचलन, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी वर्ष लिहा. वर्ष लिहिल्याशिवाय चित्र निरुपयोगी.

मग ठिपक्यांशी बोलत बसा. १९९७ कुठे आहे? गेल्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक, आणि देशाचा पाऊस १०२ टक्के. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग गरम होता, म्हणजे द्विध्रुव अधिक (धन) होता, आणि तो पावसाला सहसा हात देतो. शिवाय प्रशांतातली उष्णता पेरूच्या किनाऱ्याकडे जास्त होती. २००२ चा एल निनो त्या मानाने मध्यम, पण उष्णता महासागराच्या मध्यावर होती, आणि देशात जुलैचा पाऊस सरासरीच्या निम्म्याहूनही कमी झाला. उष्णता मध्यावर असली की तिथे हवा वर चढते आणि खाली उतरणारी फांदी आपल्या बाजूला येण्याची शक्यता वाढते. उतरत्या हवेत ढग वाढत नाहीत. एल निनो किती मोठा आहे याच्या इतकेच तो कुठे आहे हेही बघावे लागते.

पडताळा: चित्रातला एक ठिपका हाताने झाका. बाकीच्या ठिपक्यांचा कल तसाच राहिला तर पुढे जा. एका वर्षाने सगळा निष्कर्ष उलटत असेल तर तो त्या वर्षाचा निष्कर्ष आहे.

७. सहसंबंध, आणि तो कितपत खरा

आता सहसंबंध काढा. पण त्याआधी दोन्ही मालिकांतून सरळ रेषेचा कल वजा करा. समुद्र तापतो आहे. तुमच्या तालुक्याचा पाऊसही काही कारणाने हळूहळू घटत असेल, तर दोघांचा काडीचा संबंध नसतानाही सहसंबंध दिसेल. मोबाइलचे ग्राहकही त्याच काळात वाढले आहेत, त्यांच्याशीही दिसेल.

किती आला तर मानायचा? पाच टक्के पातळीवर (म्हणजे निव्वळ योगायोगाने तेवढा दिसण्याची शक्यता पाच टक्के), २० वर्षे असतील तर किमान ०.४४, ३० वर्षांना ०.३६, ५० वर्षांना ०.२८. चिन्ह कुठलेही असो. त्याहून कमी आला तर ‘कमकुवत संबंध आढळला’ असे न लिहिता ‘या नोंदींतून संबंध दाखवता येत नाही’ असे लिहा.

मानण्याजोगा आला तरी त्याचा वर्ग करा. उणे ०.३५ चा वर्ग ०.१२. म्हणजे वर्षावर्षांतल्या फरकाचा बारा टक्के भाग निनो ३.४ शी बांधलेला आहे, बाकी अठ्ठ्याऐंशी टक्के इतर कशाने. संपूर्ण भारताच्या पावसाचाही हा सहसंबंध लांब काळात साधारण उणे ०.५ ते उणे ०.६ इतकाच आहे. एका जिल्ह्यातून उणे ०.८ निघाला तर आनंद करण्यापूर्वी टप्पा तीनवर परत जा.

आता अनेक चाचण्यांचा सापळा. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे, चार महिने, दोन निर्देशांक: २८८ सहसंबंध. पाच टक्के पातळीवर त्यांतले चौदाएक निव्वळ योगायोगाने मानण्याजोगे दिसतील. नकाशावर ते चौदा रंगवून ‘प्रभावित जिल्हे’ असे शीर्षक देणे हा सध्या फार चाललेला प्रकार आहे. शेजारचे जिल्हे एकत्र भिजतात, त्यामुळे हे योगायोग नकाशावर पुंजक्यानेच दिसतात आणि आणखी पटतात. यावर माझा साधा उपाय असा: पावसाची वर्षे पत्त्यांसारखी पिसायची, सगळ्या जिल्ह्यांची एकत्र, आणि सगळे २८८ सहसंबंध पुन्हा काढायचे. असे हजारदा करायचे. पिसलेल्या पावसातही चौदा-पंधरा जिल्हे सहज रंगत असतील तर तुमच्या नकाशात काही नाही.

८. दोन समुद्र वेगळे करणे

एल निनो आणि अधिक द्विध्रुव पुष्कळदा हातात हात घालून येतात. १९९७ आणि २०२३ मध्ये आले. त्यामुळे द्विध्रुवाचा पावसाशी सहसंबंध काढला तर त्यात एल निनो मिसळलेला असतो, आणि दोघांचे परिणाम उलट दिशेचे असल्याने बेरीज शून्याजवळ येते. ‘द्विध्रुवाचा परिणाम नाही’ हा निष्कर्ष बरेचदा यातून येतो.

आधी पावसातून निनो ३.४ चा भाग सरळ रेषेने काढून टाका. मग द्विध्रुवातूनही निनो ३.४ चा भाग तसाच काढा. उरलेल्या दोन मालिकांचा सहसंबंध घ्या. दोन्हींतून काढायचा, फक्त पावसातून काढून थांबणारे बरेच आहेत.

२०१९ इथे कामाला येते. प्रशांत महासागर जवळपास शांत, द्विध्रुव मात्र फार जोरात. देशाचा पाऊस जूनमध्ये ६७ टक्के आणि सप्टेंबरमध्ये १५२ टक्के, हंगाम ११०. द्विध्रुव सहसा पावसाळ्याच्या उत्तरार्धात वाढतो, म्हणून जूनच्या पावसाशी त्याला जोडू नका. महिनावार सहसंबंध काढण्याचे खरे कारण हे.

९. हंगामाच्या आतले चढउतार

जुलै-ऑगस्टमधले जोर आणि खंड एल निनोने समजत नाहीत. समुद्राचे तापमान महिनोन्महिने टिकते, खंड दोन-तीन आठवड्यांचा असतो. त्यासाठी तीस ते साठ दिवसांत विषुववृत्तावरून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा पट्टा, म्हणजे एमजेओ (मॅडन-ज्युलियन आंदोलन), बघावा लागतो. त्याचे आठ टप्पे दैनिक तक्त्यात मिळतात. तीव्रता एकपेक्षा जास्त असलेलेच दिवस घ्या.

देशपातळीवरच्या खंडाला ठरलेली व्याख्या आहे: १८ ते २८ उत्तर अक्षांश आणि ६५ ते ८८ पूर्व रेखांश या गाभ्याच्या पट्ट्यातला जुलै-ऑगस्टचा प्रमाणित दैनिक पाऊस सलग तीन दिवस उणे एकच्या खाली. ती वापरा, आपली नवी काढू नका. आणि हेही बघा की तुमचा जिल्हा त्या खंडात खरेच कोरडा असतो का. विदर्भाला पाऊस देतात बंगालच्या उपसागरातून येणारी कमी दाबाची क्षेत्रे, कोकणाला किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा. दोघे एकाच दिवशी थांबतील असे नाही.

दैनिक नोंदी १२२ गुणिले ५० म्हणजे सहा हजारांवर जातात आणि ०.०३ चाही सहसंबंध मानण्याजोगा दिसू लागतो. फसू नका. आज पाऊस तर उद्याही पाऊस, असे दिवस एकमेकांना चिकटलेले असतात. दिवस मोजू नका, खंड मोजा: पन्नास वर्षांत किती खंड आले आणि त्यांतले किती एमजेओच्या कुठल्या टप्प्यात, हा हिशेब छोटा पण खरा असतो.

१०. लिहिताना

टप्पा पाचमधला जून-सप्टेंबरचा निर्देशांक पाऊस पडत असतानाचा आहे. त्यावरून ‘अंदाज करता येतो’ असे लिहिता येत नाही. अंदाजाची भाषा करायची असेल तर मार्च ते मेचे आकडे घेऊन सगळे पुन्हा काढा आणि सहसंबंध किती खाली येतो ते बघा. वसंतात प्रशांत महासागर आपला पुढचा रंग सहसा सांगत नाही. हवामान विभागही एप्रिलच्या अंदाजावर मेअखेरीस पुन्हा हात फिरवतो.

‘गेल्या तीस वर्षांत संबंध कमकुवत झाला’ हे वाक्य लिहिण्याआधी एक खेळ करा. पूर्णपणे कृत्रिम दोन मालिका बनवा, त्यांच्यात उणे ०.५ चा कायमचा संबंध ठेवा आणि एकवीस वर्षांच्या सरकत्या खिडकीने सहसंबंध काढा. तो आपोआप उणे ०.२ ते उणे ०.७ असा हेलकावे खाताना दिसेल. तुमचा हेलकावा त्यापेक्षा मोठा असेल तरच ते वाक्य ठेवा.

आणि शेवटी सर्व वर्षांचा एक तक्ता परिशिष्टात द्या: वर्ष, मिलिमीटर, प्रमाणित विचलन, निनो ३.४, द्विध्रुव, बाद केले असल्यास कारण. माझ्याकडे मसुदा आला तर मी तिथूनच वाचायला सुरुवात करतो, आणि सर्वांत आधी जुलै शून्य असलेली ओळ शोधतो.